डोळ्याच्या अग्रकक्षाची मोजणी : माझा अनुभव

माझ्या उजव्या डोळ्याच्या अग्रकक्षाची खोली एका अहवालात २.८६ मिलिमीटर लिहिलेली आहे, तर दुसऱ्यात २.३२ मिलिमीटर. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून नोकरी झालेली असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक मला स्वस्थ बसू देईना.

अग्रकक्ष म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) मागे आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) व भिंग यांच्या पुढे असलेली, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली जागा. हा द्रव कडेच्या कोनातल्या, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘अँगल’ म्हणतात तिथल्या, सूक्ष्म जाळीतून सतत बाहेर झिरपत असतो. जागा उथळ असली, तर आयरिस त्या जाळीवर टेकून निचरा तुंबू शकतो आणि डोळ्याचे प्रेशर एकाएकी चढू शकते. प्लसचा नंबर असलेले डोळे बहुधा लांबीला आखूड असतात आणि वयाबरोबर भिंग जाड होत जाते. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. सोलापुरातील माझ्या नेत्रतज्ज्ञांनी स्लिट लॅम्पच्या उजेडाची बारीक चीर कॉर्नियाच्या कडेवर पाडून पाहिली, तेव्हा तिथली मोकळी जागा कॉर्नियाच्या जाडीच्या पाव भागाइतकीही भरली नाही. बाहुली मोठी करण्याचे थेंब त्यांनी त्या दिवशी टाकलेच नाहीत, कारण अशा डोळ्यात त्या थेंबांनीच कोन बंद होण्याची भीती असते. डोळा बधिर करून, आरसे बसवलेले भिंग त्यावर टेकवून त्यांनी गोनिओस्कोपी, म्हणजे कोनाची प्रत्यक्ष पाहणी, केली आणि पुढे तुलना करता यावी म्हणून डोळ्याच्या पुढच्या भागाचे ओसीटी करून घेण्यास सांगितले.

ओसीटीमध्ये डोळ्याला काहीही लागत नाही. अवरक्त प्रकाश आत सोडून, वेगवेगळ्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशावरून उभा छेद रेखाटला जातो. दृष्टिपटलाची अशी चित्रे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि डोळ्याच्या पुढच्या भागाची १९९४ मध्ये. पुढे या भागासाठी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरात आला. तो डोळ्यातल्या पाण्यात बराचसा शोषला जात असल्याने दृष्टिपटलापर्यंत फारसा पोहोचत नाही आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात कमी विखुरला जात असल्याने कडेचा कोनही दिसतो.

चैत्रातल्या उन्हातून तपासणीच्या खोलीत शिरल्यावर आधी नुसते अंधारात बसावे लागले. माझ्या आधी एक वृद्ध बाई होत्या, तंत्रज्ञ मुलगी त्यांना तेलुगूत जे समजावत होती, तेच तिने मला मराठीत सांगितले : “काका, हनुवटी इथं टेकवा, एकदा डोळे मिटून उघडा आणि आतला दिवा लांब असल्यासारखा बघत राहा.” लांब पाहण्याला अर्थ आहे, कारण जवळ नजर लावली की भिंग फुगते आणि कक्ष तेवढा उथळ होतो. (या वयात भिंग फुगून फुगून किती फुगणार, हा भाग वेगळा.) वरची पापणी कोन झाकत होती म्हणून तिने ती कापसाच्या काडीने उचलून धरली, पण बुबुळावर जराही दाब येऊ दिला नाही, कारण दाबाने कोनाचा आकार बदलतो. अंधारातले चित्र झाल्यावर दिवा लावून दुसरे घेतले.

पडद्यावर कॉर्नियाची कमान, तिच्याखाली आयरिसचे दोन पंख आणि मधोमध भिंगाचा उंचवटा असे चित्र उमटले. आयरिसच्या मागे मात्र काळोख होता, कारण तिथला रंगद्रव्याचा थर प्रकाश अडवतो. त्यामागचे पाहायचे असेल, तर ध्वनिलहरींची वेगळी तपासणी करावी लागते. खरे काम यानंतर सुरू झाले. कोन मोजण्यासाठी स्क्लेरल स्पर नावाचा एक बारीक उंचवटा शोधून तिथे खूण करावी लागते आणि आमच्या यंत्रावर ती तंत्रज्ञालाच करायची होती. मोजणीला निघालेल्या माणसाला बांधावरचा हद्दीचा दगड सापडला नाही तर पुढची सारी साखळी व्यर्थ, तसेच हे. स्परपासून ५०० मायक्रॉन पुढे कॉर्नियाच्या आतल्या बाजूवर एक बिंदू धरून तिथून आयरिसपर्यंतचे अंतर घेतात. एका बाजूला तो उंचवटा स्पष्ट दिसेना, तेव्हा तिने अंदाजाने खूण न करता चित्र पुन्हा घेतले. ते मला फार आवडले. अंधारात ते अंतर ०.११ मिलिमीटर भरले आणि उजेडात ०.१९. उजेडात बाहुली आकसते, आयरिस कडेकडून ओढला जाऊन पातळ होतो आणि कोन उघडतो. त्यामुळे कोणत्या उजेडात घेतला हे न लिहिलेला कोनाचा आकडा मी तरी अपुरा मानतो, आणि डॉक्टरांना विनंती करून अहवालावर ते लिहून घेतले.

आता ते २.८६. तो आकडा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगाचा नंबर काढणाऱ्या बायोमेट्री यंत्राचा होता आणि त्या यंत्राने खोली कॉर्नियाच्या बाहेरच्या पृष्ठापासून धरली होती. ओसीटीने ती आतल्या पृष्ठापासून धरली. माझ्या कॉर्नियाची जाडी ०.५४ मिलिमीटर आहे. बेरीज करून पाहिली आणि हिशेब जुळला.

प्रेशर मर्यादेत होते, परंतु गोनिओस्कोपीतही कोन बहुतांश भागात बंद दिसल्यामुळे लेझरने आयरिसला बारीक छिद्र पाडण्याचा विषय निघाला. ग्वांगझौमधील २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोन बंद होण्याचा संशय असलेल्या डोळ्यांना लेझर न करताही सहा वर्षांत त्रास झालेल्यांचे प्रमाण कमीच आढळले होते, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितले. बहिणीच्या डोळ्याला अँगल बंद होऊन झटका आलेला असल्याने आम्ही लेझर करायचे ठरवले.

लेझरनंतर त्याच यंत्रावर, तशाच अंधारात पुन्हा मोजणी झाली. कोनाचे अंतर ०.११ वरून ०.१८ मिलिमीटर झाले, पण मध्यभागाची खोली २.३२ वरून जेमतेम २.३३. हे अपेक्षितच होते, असे डॉक्टर म्हणाले. छिद्रामुळे आयरिसच्या मागेपुढे असलेला दाब सारखा होऊन आयरिस सपाट होतो, मात्र भिंग जागचे हलत नाही. मध्यभागाची खोली वाढायची ती मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन जाड भिंगाच्या जागी पातळ कृत्रिम भिंग बसेल तेव्हाच.