बाकावरून धावलेला माणूस

कॉलेजच्या क्रिकेट संघात मी तीन वर्षं राखीव होतो. पाणी न्यायचं, कुणाचा पाय मुरगळला तर दोन-चार ओव्हर सीमारेषेवर उभं राहायचं. त्यामुळे असेल, बेसबॉल बघायला लागल्यापासून मला सगळ्यांत जवळचा वाटत आलाय तो डेव्ह रॉबर्ट्स.

17 ऑक्टोबर 2004, बॉस्टनचं फेनवे पार्क. बॉस्टनचा संघ रेड सॉक्स न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 ने मागे, म्हणजे आणखी एक हार आणि बाहेर. चौथ्या सामन्यातही नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला 4-3 ने मागे. यांकीजचा पिचर, म्हणजे गोलंदाज, मारियानो रिव्हेरा. रेड सॉक्सच्या केविन मिलारला वॉक मिळाला, म्हणजे चार वाईड बॉलमुळे पहिला बेस फुकट, आणि त्याच्या जागी धावायला रॉबर्ट्सला पाठवलं. त्या अख्ख्या मालिकेत त्याच्या हातात बॅट आलीच नव्हती. काम एकच: दुसरा बेस चोरायचा. पिचर बॉल टाकायला वळला रे वळला की सुटायचं, आणि कॅचरचा, म्हणजे यष्टिरक्षकासारख्या खेळाडूचा, थ्रो पोचायच्या आत 90 फूट कापायचे. मैदानातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

रिव्हेराने लागोपाठ तीनदा बॉल पहिल्या बेसकडेच फेकला. बाद होऊ नये म्हणून तिन्ही वेळा रॉबर्ट्सला बेसवर परत फिरावं लागलं. बसून बसून आखडलेलं त्याचं अंग त्या तीन थ्रोंनीच मोकळं झालं, असं तो पुढे सांगत आलाय. मग फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच बॉलवर तो सुटला. कॅचर पोसाडाचा थ्रो उत्तम होता, दुसऱ्या बेसवर जीटरने टॅगही केला, म्हणजे बॉल त्याच्या अंगाला लावला, पण रॉबर्ट्सचा हात आधी बेसवर पोचला होता. हा क्षण मी थांबवून थांबवून पाहिलाय, दरवेळी छाती धडधडते.

बिल म्युलरच्या फटक्यावर त्याने बरोबरीची धाव काढली. बरोबरीमुळे सामना लांबला, 12व्या इनिंगला रेड सॉक्सच्या डेव्हिड ऑर्टिझने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून तो जिंकून दिला, पुढे मालिका जिंकली, आणि 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिकाही. तिच्यात रॉबर्ट्स एकदाही खेळला नाही.

ही विद्या त्याला मॉरी विल्सने दिली होती, 1962 मध्ये 104 बेस चोरणाऱ्या. सगळ्यांना माहीत असताना बेस चोरायची वेळ एक दिवस येईल, तेव्हा कचरू नकोस, असं विल्सने त्याला बजावलं होतं. आज रॉबर्ट्सच्या पाठीवर गुरूचाच 30 नंबर असतो.

खेळणं 2008 ला थांबलं. 2010 मध्ये कॅन्सर निघाला, त्यातून उठून तो सॅन दिएगोचा कोच झाला आणि 2016 पासून लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर. शिव्याही भरपूर खाल्ल्या. एप्रिल 2022 मध्ये त्याच्या संघाचा पिचर कर्शॉने सात इनिंग एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं, तरी 80 बॉलनंतर त्याला काढलं. तो निर्णय मला आजही पटलेला नाही.

पण 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, निर्णायक सामना बघा, डॉजर्स विरुद्ध टोरंटो. पहिले पाच सामने सुरुवातीच्या संघात नसलेल्या डॉजर्सच्या मिगेल रोहासने नवव्या इनिंगला होमरन मारून बरोबरी साधली. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात तिन्ही बेसवर टोरंटोचे खेळाडू, एक धाव गेली की सगळं संपलं. रॉबर्ट्सने सेंटरफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा राहणारा क्षेत्ररक्षक, बदलला. बॅट चालत नाही म्हणून बाकावर बसवलेल्या आंडी पाहेसला आत धाडलं. थोड्याच वेळात बॉल डावीकडे खोल उडाला. पाहेस धावत आला, वाटेतल्या आपल्याच खेळाडूवर आदळला, आणि कॅच हातात होता.