परत आलेला कण कोणी मोजला?

अणू डोळ्यांना दिसत नाही, मग त्याच्या पोटात केंद्रक आहे हे शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांना कळले कसे, असा प्रश्न मला वर्गात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर रेल्वेच्या डब्यातही विचारला गेला आहे. कणाद किंवा डेमोक्रिटस यांची नावे इथे पुरत नाहीत, कारण त्यांनी मांडली ती अविभाज्य कणाची कल्पना, आणि विचारणाऱ्याला हवी असते ती आतल्या रचनेची खात्री.

मी स्वतः अनेक वर्षे हा धडा तीन वाक्यांत उरकत असे: बहुतेक अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून वेगाने बाहेर पडणारे धनप्रभारी कण) सोन्याच्या वर्खातून आरपार गेले, काही वळले, एखादा परत फिरला. मग आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, परत आलेला कण मोजला कोणी?" उत्तर खरे तर तिथेच आहे.

मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत १९०९ साली हान्स गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे मोजत होते. झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर अल्फा कण आदळला की बारीकशी ठिणगी चमकते. काळोखात बसून डोळे सरावू द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकातून त्या ठिणग्या एकेक करून मोजायच्या, हेच त्यांचे काम. प्लॅटिनमच्या पत्र्यावर पडणाऱ्या सुमारे ८,००० कणांमागे एक कण मागे फिरतो, असे त्यांना आढळले. धनप्रभार अणूभर पसरलेला आहे आणि कलिंगडातील बियांसारखे इलेक्ट्रॉन त्यात रुतले आहेत, हे भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांचे चित्र खरे असते, तर एका अणूकडून एवढा जोराचा धक्का बसणे शक्यच नव्हते.

मात्र शंकेला जागा होती. काजूकतलीवरच्या वर्खासारखा पातळ सोन्याचा वर्ख घेतला, तरी त्यात अणूंचे शेकडो थर असतात. तेव्हा लहान लहान धक्के साचून कण उलटा फिरला असेल, असे कोणी म्हणू शकला असता. रदरफोर्ड यांनी १९११ च्या निबंधात गणिताने दाखवले की असे साचणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून अणूचा प्रभार अतिसूक्ष्म जागी एकवटलेला असला पाहिजे आणि कण एकाच टकरीत वळला असला पाहिजे. तसे असेल तर वर्खाची जाडी दुप्पट केल्यावर मोठ्या कोनात वळणारे कणही दुपटीने वाढायला हवेत, आणि ५ अंशांपासून १५० अंशांपर्यंत जाताना त्यांची संख्या सुमारे अडीच लाख पटींनी घटायला हवी. गायगर आणि मार्सडेन यांनी एक लाखाहून अधिक ठिणग्या मोजून १९१३ मध्ये हे आकडे ताडून पाहिले आणि ते जुळले. माझ्या मते केंद्रकाचा खरा पुरावा परत फिरलेल्या कणापेक्षा या जुळणीत आहे, आणि नेमकी तीच आपल्या शिकवण्यातून गळते.

आणखी एक गोष्ट फळ्यावर सहसा येत नाही. कोणत्या कोनात किती कण वळतील हे सांगणाऱ्या रदरफोर्ड यांच्या सूत्रात प्रभाराचा वर्ग येतो, त्यामुळे मधला प्रभार धन असो वा ऋण, ठिणग्यांची संख्या तीच राहते. म्हणून १९११ च्या निबंधात रदरफोर्ड यांनी त्याचे चिन्ह अनिर्णितच ठेवले होते.