आठ माणसं आरामात

जुन्या शिडाच्या बोटीच्या जाहिरातीत कॉकपिटबद्दल, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेबद्दल, खरं काही लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही. फोटो वाइड अँगलने मागच्या कोपऱ्यातून काढलेला, बोटीवर चिटपाखरू नाही आणि खाली ओळ: ‘आठ माणसं आरामात.’

मी छोट्या बोटींचे सर्व्हे करतो, म्हणजे कोणी बोट घेण्याआधी ती तपासतो. हलवर, म्हणजे बोटीच्या सांगाड्यावर, हातोडी ठोकत जायचं, आवाज बद्द आला की खडूने गोल करायचा, कीलचे (तळाच्या जड पात्याचे) बोल्ट बघायचे, ओल बघायला मॉइश्चर मीटर लावायचा. माझ्या फॉर्मवर कॉकपिटचे रकाने दोनच: पाण्याचा निचरा आणि लॉकरची झाकणं. माणसं मावतात का, हे कोणी विचारत नाही.

या वेळची बोट होती जे/२४ जातीची. रॉड जॉनस्टोनचं डिझाइन, १९७७ पासून बांधली जाते, लांबी ७.३२ मीटर. शर्यतीवाल्यांची लाडकी बोट, आणि ती का ते तिचं सुकाणू एकदा हातात घेतलं की कळतं. घेणारं कुटुंब मात्र शर्यतीतलं नव्हतं. नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि आजी. रविवारी गेटवेसमोरून निघायचं, ऑयस्टर रॉक बेटाच्या पुढे चक्कर मारायची, डबा खायचा, अंधाराआधी परत. असं साधं गिऱ्हाईक मला आवडतं. हल उत्तम निघाला, बोल्टही ठीक. एजंट खूश.

मग मी नेहमीचा हट्ट धरला: बोट मुरिंगवर (पाण्यात नांगराला बांधलेली) असताना सगळ्या घराला एकदा घेऊन या. एजंटांना हे अजिबात पटत नाही. रिकामी बोट विकायला सोपी.

सकाळी, वायव्येचा वारा धरायच्या आत आम्ही गेलो. आपल्याकडे बोटी समुद्रात मुरिंगवर उभ्या, त्यामुळे आधी छोट्या होडीत बसायचं आणि त्या हलत्या होडीतून वर चढायचं. आजींना नाखव्याने खालून आणि मुलाने वरून धरून घेतलं. त्या मागे बसल्या. तिथे टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, फिरतो, म्हणून पुढे सरकल्या. पुढे ट्रॅव्हलर आडवा आला. मेनसेलची, म्हणजे मोठ्या शिडाची, दोरी ज्या पट्टीवर इकडून तिकडे सरकते तो हा ट्रॅव्हलर, आणि या बोटीत तो कॉकपिटच्या मधोमध आहे. मागे टिलर धरणारा, पुढे जिबच्या (पुढच्या शिडाच्या) दोरीच्या विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या रहाटावर, एक जण. उरलेल्यांनी त्यांच्या मधल्या फटीत बसायचं, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं.

“पाठ कुठे टेकायची?” आजींनी विचारलं.

पाठ टेकायला इथे काही नाहीच. शर्यतीतली माणसं कडेवर बसून बाहेर झुकतात, त्यांना पाठ लागत नाही. आजींच्या पाठीशी होती ती लाइफलाइनची, म्हणजे कडेच्या कठड्याची, तार.

मग नाखव्याला बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, मोकळा करायला सांगितला आणि टॅकची, म्हणजे बोट वळवून शिडं दुसऱ्या बाजूला घेण्याची, रंगीत तालीम घेतली. मी ओरडलो की तो बूम हाताने पलीकडे ढकलणार, सगळ्यांनी वाकून बाजू बदलायची. या बोटीचा बूम खाली आहे. उभा राहिलेला मोठा माणूस डोक्यावर घेणारच. मुलगा झटकन पलीकडे गेला. मुलगी ट्रॅव्हलरवर अडखळली. आजी उठल्याच नाहीत. प्रत्यक्षात बोट कलली की त्या खालच्या बाजूला राहणार आणि जिबची दोरी सोडायला त्यांच्या मांडीवरून हात घालावा लागणार.

लोकांना वाटतं, कॉकपिट जितकं रुंद तितकं छान. पण बोट कलली की समोरच्या बाकाला पाय टेकवता आले पाहिजेत, नाहीतर माणूस घसरतो. घरच्यांसाठी मी उंच पाठीचा बाक, पायांना आधार, एक मूल आडवं झोपेल एवढी लांबी आणि दोऱ्या बसणाऱ्यांपासून दूर, एवढं बघतो. इथल्या जुन्या लाकडी सीबर्ड जातीच्या शिडाच्या बोटीत माणूस बोटीच्या आत बसतो. जे/२४ मध्ये तो बोटीवर बसतो.

शेवटी पाचही जणांना मुद्दाम मागे बसवलं. निचऱ्याच्या भोकातून पाणी वर आलं नाही, पण तोंडाशी येऊन थांबलं. झाकणांच्या कड्या सैल होत्या, त्या मी ठळक लिहिल्या. बोट जोरात आडवी झाली आणि लॉकरचं झाकण उघडलं तर पाणी थेट हलमध्ये जातं. जुन्या जे/२४ बुडाल्या आहेत त्या अशा.

रिपोर्टमध्ये बोट सुस्थितीत आहे असं लिहिलं, आणि खाली, रकान्याबाहेर: ‘प्रस्तावित वापरासाठी कॉकपिट अयोग्य. तिघांपेक्षा जास्त नकोत.’ एजंटने फोन करून सुनावलं, “हे तुमचं काम आहे का?” फॉर्म बघितला तर त्याचं बरोबर आहे. पण फॉर्म बनवणाऱ्याने आजींना कधी त्या बाकावर बसवलेलं नाही.

त्या गृहस्थांनी माझाच रिपोर्ट दाखवून किंमत पाडली आणि बोट घेतली. आता विचारतात, ट्रॅव्हलर काढून केबिनवर बसवता येईल का. येईल. पण दोरी बूमवर जेवढी पुढे, तेवढा तिच्यावर ताण जास्त. केबिनच्या छताला खालून मजबुती द्यावी लागेल, बूमही बदलावा लागू शकतो. क्लासच्या, म्हणजे फक्त एकसारख्या जे/२४ बोटींच्या, शर्यती मग विसरायच्या, त्याचं त्यांना काही नाही. एवढं करूनही पाठीला तारच राहणार. मी फायबरवाल्याकडे कोटेशन मागितलंय. आजी त्यानंतर बोटीवर आल्या का, हे मी अजून विचारलेलं नाही.