फोकस नसलेले १८ सेकंद

मी लघुपटांचं संकलन करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्यांदाच फिल्म करत असतात. संकलन म्हणजे नको ते कापणं, असं बाहेरच्यांना वाटतं. पहिले दोन दिवस मी काहीच कापत नाही. सगळं फुटेज बघतो, ‘अ‍ॅक्शन’च्या आधीचं आणि ‘कट’नंतरचंसुद्धा.

ही फिल्म १२ मिनिटांची. वडील गेल्यावर मुलगी त्यांची खोली आवरायला येते, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक तरुण, कष्टाळू, कॅमेऱ्याचं सगळं पाठ असलेला. लेन्स जवळजवळ प्रत्येक शॉटला एफ १.४ वर पूर्ण उघडी, त्यामुळे पापण्या स्पष्ट आणि कान धूसर. कपाट उघडण्याचा शॉट सेकंदाला १२० फ्रेमवर घेतलेला. सेकंदाला २४ फ्रेम दाखवणाऱ्या फिल्ममध्ये तो पाचपट संथ होतो, म्हणजे २ सेकंदांत उघडणारं दार १० सेकंद उघडत राहतं. दिसतं सुरेख. पण त्या १० सेकंदांत मुलीबद्दल नवीन काय कळलं?

आणि रूम टोनचा एक तुकडाही नाही! सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करायची, इतकंच ते काम. ती नसली की प्रत्येक कटला मागची शांतता बदलते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याचं लक्ष उडतं. लेन्सवर तासन्‌तास बोलणाऱ्यांना अर्धा मिनिट गप्प राहवत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

चौथ्या टेकनंतर कॅमेरा चुकून चालू राहिला होता. मागे दिग्दर्शक लाइटबद्दल बोलतोय. मुलीचं काम करणारी वडिलांच्या शर्टाची घडी घालते, कॉलरचं बटण लावते, क्षणभर थांबते आणि पुन्हा काढते. घालणाऱ्याला सोपं जावं म्हणून आपण ठेवतो ना, तसं. फोकस मागच्या कपाटावर, तिचा चेहरा धूसर. १८ सेकंद. मला वाटलं, सगळी फिल्म इथे आहे.

दिग्दर्शकाचा आवाज काढून टाकायचा तर खाली शांतता हवी. संवादांमधल्या फटींतून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे वेचून मी ती सांधली. संध्याकाळ त्यातच गेली. संथ कपाट काढून तिथे हे १८ सेकंद लावले आणि त्याला दाखवले.

‘सर, हे आउट आहे. लोक म्हणतील, यांना फोकससुद्धा जमत नाही.’

मी हॉलिवूडचे नावाजलेले संकलक वॉल्टर मर्च यांचा हिशोब सांगितला. कट कुठे करावा हे ठरवताना त्यांनी भावनेला ५१ टक्के दिले, कथेला २३, लयीला १०. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘पण तुम्हाला ओबडधोबड आवडतं. तीही स्टाइलच झाली ना?’

मला उत्तर देता आलं नाही.

तिला न सांगता घेतलेलं आहे, निदान विचारू तरी, म्हणून त्याने तिला फोन लावला. ती म्हणाली, खुशाल वापरा. पण बटणाचं काही विशेष नव्हतं. आधीच्या टेकला ते उघडं होतं, चुकून लावलं गेलं, म्हणून पुढच्या टेकसाठी तिने पुन्हा काढलं. कंटिन्यूइटी.

तो गेल्यावर मी ते दृश्य पुन्हा लावलं. खरं कारण कळूनही घसा दाटून आला. मग तो शर्टाचा तुकडा बाजूला काढून नुसता तेवढाच बघितला, मागचे-पुढचे शॉट न लावता. काहीच झालं नाही. ते तिच्यात नव्हतं, धूसरपणातही नव्हतं. आधीच्या शॉटमध्ये रिकामी खुर्ची होती.

फायनल कटमध्ये कपाट ६ सेकंदांत उघडतं. १८ सेकंद नाहीत. फिल्म त्याची आहे, निर्णयही त्याचाच. खुर्चीचा शॉट मात्र मी हट्टाने २ सेकंद वाढवून घेतला.