आमची वाटचाल: पडदा खरा सरकतो

ज्या शाळांत प्रयोगशाळाच नाही, तिथल्या मुलांसाठी आम्ही रिमोट लॅब बनवतो. उपकरणं आमच्या वर्कशॉपमध्ये, विद्यार्थी कुठेतरी लांब. त्याने बटण दाबलं की इथला, भिंगाची प्रतिमा ज्यावर पडते तो पडदा खरोखर सरकतो आणि कॅमेऱ्यातून त्याला दिसतो.

पहिला प्रयोग बहिर्वक्र भिंगाचा. माझा भागीदार मूळचा लेथवरचा कारागीर, पडद्याची गाडी त्यानेच घडवली. मोटर एका फेऱ्याला २०० स्टेप्सची (छोट्या टप्प्यांनी फिरणारी), स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी पुढे नेणारा. म्हणजे एका स्टेपला ०.०४ मिमी. पण स्क्रूवरच्या नटमध्ये प्ले, म्हणजे थोडी ढिलाई, असतेच. म्हणून गाडी नेहमी एकाच बाजूने जागेवर आणायची, पुढे गेली तर बरीच मागे घेऊन पुन्हा यायचं, हे त्याचं म्हणणं. नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, लिमिट स्विच, म्हणजे गाडी टोकाला पोचली की दाबला जाणारा स्विच, नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नका. वायरिंगमध्येच असा जोडा की मोटर थांबलीच पाहिजे.

मग एक मोठी कंपनी उतरली. निव्वळ ॲनिमेशन, पण नाव ‘रिमोट लॅब’! त्यांचा डेमो कधी अडकत नसे, उत्तर दर वेळी तेच. आम्हाला मात्र काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या निवड समितीने विचारलं, “तुमचं नाभीय अंतर दर वेळी थोडं वेगळं का येतं?” अहो, प्रतिमा नेमक्या एकाच जागी स्पष्ट दिसत नाही, थोड्या अंतरापर्यंत तशीच वाटते. कुठे थांबायचं हे मुलाने ठरवायचं, अनेक वाचनं घ्यायची, सरासरी काढायची. प्रयोग म्हणतात तो यालाच! काम त्यांना गेलं. पाठोपाठ बाकीची कामंही गेली, पगार थकले, भागीदाराने लेथ विकला. ते मी अजून विसरलेलो नाही.

ग्राहक म्हणून टिकून राहिल्या त्या एकच शिक्षिका बाई. शाळेत एकुलता एक संगणक, इंटरनेट रडतखडत. तरी त्यांनी पुढच्या वर्षाची फी आगाऊ भरली. त्यांच्या वर्गातून एकदा निरोप आला, “पडद्यावर डाव्या कोपऱ्यात धूळ आहे, पुसा.” तो निरोप मी पुढच्या प्रत्येक समितीला वाचून दाखवला.

बाईंच्या इंटरनेटमुळेच आम्ही सलग व्हिडिओ सोडला. मोटर थांबली की एक स्पष्ट फोटो पाठवतो, वाचनाला तेवढा पुरतो. सध्या लंबकाचा प्रयोग उभा राहतोय. गोळा विद्युतचुंबकाने धरून सोडतो, पण करंट तोडल्यावरही तो क्षणभर चिकटून राहतो. भागीदार आता चुंबक आणि गोळ्याच्या मधल्या पितळी चकतीची जाडी बदलून पाहतोय.