तिसरी गोधडी: नववा फेरा वाकडा गेला

मंडळी, काल रात्री सतरावा फेरा पुरा झाला. अजून तेरा उरलेत.

नवीन आलेल्यांसाठी आधी हिशेब सांगतो. गोधडी ५ फूट बाय ७ फूट. वर आईचं सुती इरकल लुगडं, पोटात त्याचाच उरलेला भाग आणि वडिलांची दोन धोतरं, खाली मांजरपाट. धावदोरा कडेने सुरू करून आत आत न्यायचा, दोन ओळींत इंचभर अंतर. माप म्हणजे अंगठ्याचं पेर. पहिला फेरा २४ फुटांचा, पुढचा प्रत्येक ८ इंचांनी आखूड. इंचाला चार टाके धरले तर सगळे मिळून २०,००० च्या घरात जातात. हा आकडा मी घरात कुणाला सांगितलेला नाही.

पाश्चात्त्य क्विल्टवाले बहुतेक मधून बाहेर जातात, म्हणजे सैल कापड कडेला निघून जातं. आपण उलटे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नडमधल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीसुद्धा कडेनेच आत येते. या पद्धतीत सगळी ढिलाई मधे गोळा होते, आणि कच्चे टाके घालायचा कंटाळा केला तर गोधडीचं पोट सुटतं. माझ्या पहिलीचं सुटलंय. आमच्या मांजराला तेवढीच जागा आवडते.

आता नवव्या फेऱ्याबद्दल. आठव्या ओळीवर नजर ठेवण्याऐवजी मी लुगड्यातल्या रेघेच्या आधाराने शिवत गेलो. अंथरतानाच लुगडं तिरकं पडलं होतं, हे लक्षातच आलं नाही. लांब बाजूच्या एका टोकाला अंतर इंचभर, दुसऱ्या टोकाला चांगलं चार इंच! दहावा निम्मा झाल्यावर दिसलं. तेवढा उसवला आणि मग नववा उसवायला बसलो. वीतभर उसवलं नाही तोच कापड दोऱ्याबरोबर चर्रकन फाटलं.

आई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "अरे, राहू दे. तुझ्या बारशाचं लुगडं आहे ते. तुझ्याएवढंच म्हातारं झालंय."

जुन्या सुती कापडाचं हे असंच असतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, म्हणून तर अंगाला सुख देतं. पण सूत विरलेलं, तेव्हा उसवणं त्याला सोसत नाही. मशीनच्या शिलाईची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला. फाटलं तिथे माझ्या चौकडीच्या शर्टाचं ठिगळ लावलं. इरकलच्या जांभळ्यावर ते निळं ठिगळ बरं दिसतंय, खरंच.

राहिली पाचरीसारखी मोकळी जागा. त्यावरही उपाय आईचाच. शेताचा तुकडा वाकडा असला की नांगराची तासं अर्ध्यातून वळवतात, तशा तीन अर्ध्या ओळी घालून ती भरली. दहावा ते सतरावा फेरा त्याच वळणाने गेलेत. आता गोधडीचा मध्य मध्यात येणार नाही, एका बाजूला थोडा सरकणार.

अमेरिकेतले आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण निर्दोष फक्त देव, अशी गोष्ट आपल्यात अधूनमधून फिरते. क्विल्टचे अभ्यासक ती दंतकथाच मानतात. मलाही ती कधी पटली नाही. मुद्दाम चूक करायला आधी बाकीचं सगळं बरोबर यावं लागतं!

पावसाने गॅलरीतला उजेड गेलाय, त्यामुळे रात्री एकच तास शिवतो. तरी आता फेरा १५२ इंचांवर आलाय, हाताला कळतं. केशरी दोरा संपत आला, शनिवारी तुळशीबाग. तीच छटा मिळाली नाही तर अठराव्यापासून हिरवा.