तुम्ही विचारलंत म्हणून: गेमसाठी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, बंद करू का?

"ताई, गेम अडकतोय, डिफेंडर बंद केला तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) वाढतील का?" आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि मी नको म्हटलं की लगेच, "पण तुम्ही स्वतः बंद करायचात ना?" हो, करायचे. दोन वर्षं करत होते. एकदाच नीट सांगते.

रॅम 8 जीबी, आणि टास्क मॅनेजर उघडलं की अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, म्हणजे डिफेंडरच, वरच बसलेलं, मग राग त्याच्यावरच निघणार ना. गेम लोड होताना त्याचा त्रास होतो हे खरंय, कारण उघडणारी प्रत्येक फाइल ते तपासतं. पण एकदा खेळ सुरू झाला की ते फारसं काही करत नाही. माझी रॅम खात होता ब्राउझर, मागे तीस टॅब उघडे ठेवलेला, आणि तो बंद करायचं मात्र कधी सुचलं नाही.

रियल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरची सतत चालणारी तपासणी, बंद केलं तरी थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचं, म्हणून वैतागून मी डाउनलोड्स आणि अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे डिफेंडरने तपासायचंच नाही अशा यादीत, टाकला. मग एका रात्री टेक्स्चर हलके करणारा एक मॉड (गेममध्ये बदल करणारी, बाहेरच्या कुणी बनवलेली फाइल) उतरवला. झिपला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड शेजारच्याच टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला. तेव्हाच थांबायला हवं होतं, कारण पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत स्कॅनरला बघता येत नाही. डबल क्लिक केलं, एक काळी खिडकी क्षणभर आली आणि गेली, बाकी काहीच नाही. मॉड खराब असेल म्हणून डिलीट केला आणि दोन वाजेपर्यंत खेळत बसले.

सकाळी फोनवर अकरा मिस्ड कॉल. माझ्या अकाउंटवरून सगळ्यांना तीच फाइल गेली होती, "हे टाक, गेम मस्त चालतो" असं लिहून. मावसभावाने ती उघडली. त्याचं सहा वर्षांचं गेमचं अकाउंट गेलं, ते परत मिळालंच नाही. तो चिडला नाही, एवढंच म्हणाला, "तू पाठवलंस म्हणून उघडली गं." ते वाक्य अजून जात नाही डोक्यातून.

आणि मी बेफिकीर नव्हते हो, टू-स्टेप लावलेलं होतं! ओटीपी आलाच नाही, कारण त्यांनी पासवर्ड चोरलाच नव्हता, ब्राउझरमधली लॉगिन झालेली कुकी, म्हणजे आपण आधीच लॉगिन आहोत हे साइटला सांगणारी छोटी फाइल, उचलली होती. वर मी घाबरून त्याच पीसीवरून पासवर्ड बदलत बसले. खरं तर फोनवरून बदलून सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करायला हवं होतं. शेवटी विंडोज नव्याने टाकलं, पण त्याआधी सेटिंग उघडून बघितलं तर सगळीकडे हिरवी टिक, आणि एक्सक्लूजनच्या यादीत डी ड्राइव्ह तसाच. प्रोटेक्शन आपोआप चालू होतं, पण एक्सक्लूजन आपण काढेपर्यंत जात नाही.

तेव्हाची मी म्हणेल, अडकणं खोटं होतं का? नव्हतं. मायक्रोसॉफ्टनेच 2022 मध्ये सांगितलं होतं की विंडोज 11 वर गेमसाठी मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारं संरक्षण) बंद करता येईल, खेळून झाल्यावर परत चालू करा. एका गेमसाठी मी अजूनही ती बंद करते. परवा केली होती. हे लिहिताना बघितलं, अजून बंदच आहे.